तबकडीचे आतले वर्तुळ

दूरचित्रवाणी मालिकेचे संपूर्ण पर्व एकाच पेटीत घालून विकण्याची रीत अमेरिकेत रूढ झाली ती २००० साली ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेचे पहिले पर्व डीव्हीडीवर बाजारात आले तेव्हापासून. त्याआधी व्हीएचएस चित्रफितींवर मालिकांचे निवडक भाग मिळत, कारण एका फितीवर मोजकेच भाग मावत आणि वीस-बावीस भागांचे एक पर्व ठेवायचे म्हटले तरी कपाटाची अख्खी फळी अडत असे. बारा सेंटिमीटर व्यासाच्या पातळ तबकडीने ही अडचण संपवली आणि मालिका घरी जपून ठेवण्याचे, हवी तेव्हा पुन्हा पाहण्याचे साधन म्हणून ‘बॉक्स सेट’, म्हणजे पेटीबंद संच, घरोघरी पोहोचला. संच जितका मोठा आणि महाग, तितकी त्याची नक्कल करणाऱ्याची कमाईही मोठी. त्यामुळे बनावट संचांचा व्यापार याच काळात फोफावला आणि ऑनलाइन बाजारपेठांनी त्याला जगभरचे गिऱ्हाईक मिळवून दिले.

इंटरनेटवरून थेट मालिका पाहण्याची, म्हणजे स्ट्रीमिंगची, सोय झाल्यावर तबकडीची गरज संपली असे वरवर पाहता वाटते; पण जे आज स्ट्रीमिंगवर दिसते ते उद्या दिसेलच याची हमी कोणीही देत नाही. एचबीओने स्वतः निर्माण केलेली ‘वेस्टवर्ल्ड’ ही मालिका डिसेंबर २०२२मध्ये त्याच समूहाच्या स्ट्रीमिंग सेवेवरून काढून टाकण्यात आली, तेव्हा ज्यांच्या घरी तिचा संच होता त्यांच्यावर या निर्णयाचा काही परिणाम झाला नाही. मालिकेवर खरोखर प्रेम करणारा प्रेक्षक आजही तबकडी विकत घेतो तो यासाठीच. मात्र ती विकत घेण्याच्या खात्रीच्या जागा कमी होत गेल्या आहेत. टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याची नेटफ्लिक्सची जुनी सेवा सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाली आणि बेस्ट बाय या मोठ्या अमेरिकी दुकानसाखळीने २०२४मध्ये चित्रपट-मालिकांच्या तबकड्यांची विक्रीच थांबवली. राहिल्या त्या मुख्यतः ऑनलाइन बाजारपेठा, जिथे संकेतस्थळाचा मालक एक असतो आणि माल विकणारा बहुतेक वेळा दुसराच, म्हणजे ज्याला ‘तृतीय पक्ष विक्रेता’ म्हणतात तो, असतो. नकली माल शिरतो तो याच फटीतून.

बनावट संच म्हणून जे काही विकले जाते ते सगळे एकाच जातीचे नसते, आणि ते ओळखण्याच्या खुणाही त्यामुळे निरनिराळ्या असतात. पहिला प्रकार म्हणजे कोऱ्या, लेखनयोग्य तबकडीवर संगणकाच्या साहाय्याने उतरवलेली नक्कल. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे: यात कारखान्यात, खऱ्या तबकड्या बनवतात त्याच पद्धतीने, साच्यातून हजारो नकला काढल्या जातात आणि त्यांना छापील वेष्टण, प्लास्टिकचे आवरण, बारकोड असा सगळा साज चढवला जातो. तिसऱ्या प्रकारात मूळच अस्तित्वात नसते. ज्या मालिकेचा अधिकृत संच कधी निघालाच नाही, तिचा ‘संपूर्ण संच’ कोणीतरी दूरचित्रवाणीवरील ध्वनिचित्रमुद्रणातून किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या प्रतींतून तयार करतो. सर्वसामान्य गिऱ्हाईक पहिल्या प्रकाराची भीती बाळगते आणि उरलेल्या दोन प्रकारांत फसते.

तिसरा प्रकार ओळखणे खरे तर सर्वांत सोपे आहे, कारण त्यासाठी वस्तू हातात यावी लागत नाही, मालिकेचा प्रकाशन-इतिहास माहीत असला की पुरते. १९६६ ते १९६८ या काळात एबीसी वाहिनीवर दाखवली गेलेली ‘बॅटमॅन’ ही १२० भागांची मालिका हक्कांच्या गुंत्यात दशकानुदशके अडकली होती; मालिका एका कंपनीची, व्यक्तिरेखा दुसरीच्या मालकीच्या, असा तो गुंता सुटल्यावर नोव्हेंबर २०१४मध्ये कोठे तिचा पहिला अधिकृत संच बाहेर पडला. ‘द वंडर इयर्स’ या १९८८ ते १९९३मधील मालिकेचे कारण वेगळे होते. तिच्यात त्या काळातील लोकप्रिय गाणी सढळ हाताने वापरली होती आणि त्या गाण्यांचे हक्क दूरचित्रवाणीपुरते घेतलेले असल्यामुळे, घरी पाहण्याच्या तबकडीसाठी प्रत्येक गाण्याची परवानगी नव्याने मिळवावी लागली. तिचाही संपूर्ण संच २०१४मध्येच निघाला. याचा सरळ अर्थ असा, की त्या वर्षापूर्वी या दोन मालिकांचे जे ‘संपूर्ण संच’ विकले जात होते ते एकूणएक बनावट होते, मग त्यांची छपाई कितीही देखणी असो. संच शोधण्यापूर्वी तो कोणत्या कंपनीने, कोणत्या वर्षी, किती तबकड्यांत काढला हे पाहून ठेवावे, आणि किंमत त्यानंतर पाहावी. हा क्रम उलटला की नजर किमतीवर खिळते आणि बाकीच्या विसंगती डोळ्यांआड होतात.

हीच कसोटी ब्लू-रे तबकड्यांना अधिक कठोरपणे लावता येते. ब्लू-रे ही डीव्हीडीनंतरची, २००६मध्ये बाजारात आलेली तबकडी असून तिच्यावर निळसर-जांभळ्या लेसर किरणाने माहिती वाचली जाते. एका थरात २५ गिगाबाइट माहिती मावत असल्यामुळे चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे, म्हणजे डीव्हीडीच्या चित्रापेक्षा पुष्कळ सूक्ष्म असू शकते. पण ते तसे असण्यासाठी मूळ चित्रीकरणातून नव्याने काम करावे लागते. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’साठी मूळ फिल्मवरून असे काम झाले आणि तिचे ब्लू-रे संच २०१२ ते २०१४ या काळात निघाले, तिच्याच पाठोपाठ आलेल्या ‘डीप स्पेस नाइन’चे संकलन आणि दृश्य-करामती कमी सूक्ष्मतेच्या व्हिडिओवर पूर्ण केल्या होत्या आणि तिच्यासाठी तेवढ्या खर्चाचे काम झाले नाही, म्हणून तिचा अधिकृत ब्लू-रे संच आजवर निघालेला नाही. तरीही तो कोणी विकत असेल, तर डीव्हीडीचे चित्र ताणून मोठे केलेली ती नक्कल आहे, एवढे तबकडी न पाहताही सांगता येते. ‘फ्रेंड्स’च्या बाबतीत तर प्रत्यक्ष चित्रच साक्ष देते. ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेली असल्यामुळे २०१२मधील तिच्या ब्लू-रे संचासाठी रुंद पडद्याचे चित्र नव्याने तयार करण्यात आले, तर जुन्या डीव्हीडींवर चित्र जवळजवळ चौकोनी होते आणि अमेरिकेतील डीव्हीडींत भाग थोडे लांबवलेले होते. वेष्टणावर ब्लू-रे असे छापलेले असून पडद्यावर चौकोनी चित्र आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसत असतील, तर आत डीव्हीडीचाच ऐवज भरला आहे, हे उघड होते.

वस्तू हातात आल्यावर खरी परीक्षा तबकडीची असते. डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या, पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली तबकडी होय. अस्सल तबकडी कारखान्यात साच्यातून काढली जाते: धातूच्या एका ठशावर सूक्ष्म उंचवटे असतात, वितळलेले प्लास्टिक त्यावर दाबले की उंचवट्यांच्या जागी खळगे उमटतात, आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा दिला की लेसर किरण त्यावरून परावर्तित होऊन खळग्यांची भाषा वाचता येते. लेखनयोग्य कोऱ्या तबकडीत असे खळगे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो आणि संगणकातील लेसर तो ठिकठिकाणी जाळून खुणा करतो, म्हणूनच अशा लेखनाला बोलीभाषेत ‘बर्न करणे’ म्हणतात. या रंगद्रव्यामुळे डीव्हीडी-आर तबकडीची खालची बाजू उजेडात जांभळट किंवा निळसर दिसते, आणि जेथपर्यंत लेखन झाले तेथे छटेत फरक पडून एक वर्तुळ दिसते. साच्यातून काढलेली तबकडी चांदीसारखी, आणि दोन थरांची असेल तर काही वेळा किंचित सोनेरी झाक असलेली असते.

जांभळी तबकडी म्हणजे नकली, एवढ्यावर निकाल देणे मात्र चुकीचे ठरेल. वॉर्नर ब्रदर्सने २००९मध्ये ‘वॉर्नर आर्काइव्ह कलेक्शन’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात मागणी कमी असलेले जुने चित्रपट आणि मालिका मागणी येईल तशा लेखनयोग्य तबकड्यांवर उतरवून विकल्या जात. त्या तबकड्या जांभळ्या असूनही पूर्णपणे अधिकृत होत्या आणि वेष्टणावर तशी सूचनाही असे. उलट, कारखान्यात साच्यातून काढलेली बनावट तबकडी चांदीसारखी चकचकीत असते आणि रंगाच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. रंग हा पुरावा आहे, पण तो एकटा पुरेसा नाही, आणि ब्लू-रेच्या बाबतीत तर लेखनयोग्य तबकड्यांचे रंग इतके वेगवेगळे असतात की त्यावरून निष्कर्ष काढण्याच्या फंदात न पडलेलेच बरे.

रंगापेक्षा अधिक बोलके असते ते तबकडीच्या मधल्या भोकाभोवतीचे आतले वर्तुळ. तबकडी दिव्याखाली तिरपी धरून या भागाकडे पाहिले, तर आरशासारख्या चकचकीत पट्ट्यात काही अंक-अक्षरे कोरलेली दिसतात आणि त्याहून आतल्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये, भिंग घेतल्याशिवाय नीट वाचता येणार नाहीत इतक्या बारीक अक्षरांत, आणखी एक खूण असते. ध्वनिमुद्रण व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संघटना, जिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आयएफपीआय म्हणतात, तिने फिलिप्स कंपनीच्या सहकार्याने १९९४मध्ये ‘स्रोत ओळख संकेत’ ही पद्धत सुरू केली. तिचे दोन भाग असतात. मूळ ठसा जिथे तयार झाला त्या यंत्राचा संकेत आयएफपीआय या चार रोमन अक्षरांपुढे ‘एल’ या रोमन अक्षराने सुरू होतो आणि चकचकीत पट्ट्यात सापडतो; तबकडी ज्या साच्यात ओतली गेली त्या साच्याचा संकेत त्याच चार अक्षरांपुढे चार-पाच अंक-अक्षरांचा असतो आणि प्लास्टिकमध्येच उठलेला असतो. डीव्हीडी दोन चकत्यांची असल्यामुळे असे दोन-दोन संकेतही दिसू शकतात. या खुणा वेष्टणासारख्या नंतर छापता येत नाहीत, त्या साच्यातूनच उतरतात, आणि तबकडी कोणत्या कारखान्यात निघाली हे त्यांच्यावरून तपासयंत्रणांना कळते. नेमक्या याच कारणासाठी बेकायदा नकला काढणारे कारखाने साच्यावरील संकेत खरवडून टाकतात. अशा तबकडीवर संकेताच्या जागी खडबडीत, ओरखडलेला डाग दिसतो किंवा ती जागा सपाट कोरी असते. एखाद्या अस्सल तबकडीवर दोनपैकी एक संकेत पुसट असू शकतो, पण एखाद्या मोठ्या अमेरिकी कंपनीच्या नव्या संचातील वीस-पंचवीस तबकड्यांपैकी एकीवरही ही अक्षरे नसतील, तर संशयाला फारशी जागा उरत नाही.

दुसरी भरवशाची कसोटी साध्या अंकगणिताची आहे. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ आणि दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट माहिती मावते, त्याहून अधिक नाही. ‘फ्रेंड्स’चे २३६ भाग प्रत्येकी साधारण २२ मिनिटांचे धरले तर एकूण ८६ तासांहून अधिक चित्रण होते. दोन थरांच्या एका तबकडीवर चार तासांचे चित्रण ठेवले तर दर सेकंदाला सुमारे ४.७ मेगाबिट माहिती वापरता येते आणि चित्र बऱ्यापैकी राहते. या हिशेबाने बावीसेक तबकड्या लागतात. हेच भाग निम्म्या तबकड्यांत कोंबले तर दर सेकंदाची माहितीही निम्म्यावर येते, आणि एका थराच्या स्वस्त तबकड्या वापरल्या तर त्याहूनही खाली जाते. अशा कोंबलेल्या चित्रात चेहऱ्यावरचे बारकावे पुसले जातात, अंधाऱ्या दृश्यांत चौकटी-चौकटी दिसू लागतात आणि कॅमेरा वेगाने फिरला की चित्र फुटते. म्हणून विक्रेत्याच्या वर्णनातील तबकड्यांची संख्या अधिकृत संचाच्या संख्येशी ताडून पाहणे फार उपयोगी पडते. अधिकृत संचांच्याही निरनिराळ्या आवृत्त्या निघतात आणि त्यांत संख्येचा थोडाफार फरक असतो, पण तो निम्म्याचा नसतो.

जिथे जागा वाचवायची असते तिथे पडद्यामागील चित्रण, दिग्दर्शकाचे निवेदन, जादा भाषांतील ध्वनिपट या गोष्टींना सर्वांत आधी कात्री लागते. वेष्टणाच्या मागील बाजूवर त्यांची यादी असते, कारण ते वेष्टण मूळ संचावरून उचललेले असते, पण तबकडीवर त्या सापडत नाहीत. उपशीर्षकांच्या इंग्रजीत विचित्र चुका दिसतात किंवा मूळ संचात नसलेली चिनी उपशीर्षके आढळतात. संगणक वापरणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहता येते. व्यावसायिक ब्लू-रे तबकड्यांवरील माहिती एएसीएस नावाच्या कुलूपबंद पद्धतीने ठेवलेली असते, आणि या कुलपाशी जोडलेली एक खूण केवळ परवानाधारक कारखान्यातील यंत्रच तबकडीवर उमटवू शकते. घरगुती यंत्रावर उतरवलेल्या नकलेत हे कुलूप नसते, त्यामुळे तिच्यातील चित्रण कोणत्याही साध्या प्लेअरमध्ये विनासायास उघडते. अस्सल वस्तूला कुलूप असणे आणि नकलेचे सहज उघडणे हा उलटा न्याय वाटला, तरी खूण म्हणून तो उपयोगी आहे.

परदेशी राहणाऱ्या किंवा तेथून संच मागवणाऱ्या मराठी कुटुंबांची दिशाभूल होते ती ‘रीजन’ या शब्दावर. चित्रपट-उद्योगाने जगाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या तबकड्या त्या विभागातील यंत्रावरच चालाव्यात अशी योजना केली. डीव्हीडीसाठी अमेरिका आणि कॅनडा विभाग १, युरोप आणि जपान विभाग २, भारत विभाग ५. ब्लू-रेसाठी अमेरिका आणि जपान ‘ए’, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’, भारत आणि चीन ‘सी’. न्यू जर्सीत घेतलेला संच पुण्याच्या प्लेअरवर चालत नाही, हा अनुभव अनेक घरांत आलेला असतो, म्हणून ‘ऑल रीजन’ किंवा ‘रीजन फ्री’ ही अक्षरे गिऱ्हाइकाला सोय वाटतात. नक्कल करणाऱ्याला ते सोयीचे असते, कारण त्याला एकच माल सर्व देशांत विकायचा असतो. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या मालिकांच्या डीव्हीडी मात्र जवळजवळ नेहमी विभाग १पुरत्याच असतात. काही अधिकृत तबकड्या, विशेषतः काही ब्लू-रे, विभागमुक्त निघालेल्या आहेत, त्यामुळे हा शब्द दिसताच दोषी ठरवू नये, पण अधिकृत आवृत्तीवर विभाग १ लिहिलेले असताना विक्रेता तोच संच सर्व विभागांत चालणारा म्हणून विकत असेल, तर ती त्याची नकळत दिलेली कबुलीच समजावी.

किमतीबद्दल भारतीय वाचकाने वेगळे सावध राहायला हवे, कारण आपल्याकडील अनुभव अमेरिकी बाजाराला लागू पडत नाही. मोझर बेअर या कंपनीने २००७च्या सुमारास चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या तेव्हा त्या अधिकृतच होत्या. पदपथावरील चोरट्या तबकड्यांशी किमतीच्याच मैदानात लढायचे, हा त्यामागचा विचार होता. एका तबकडीवर दोन-तीन चित्रपट हा प्रकारही आपल्याकडे अधिकृतपणे विकला गेला आहे. त्यामुळे स्वस्ताई म्हणजे बनावट हे समीकरण मराठी गिऱ्हाइकाच्या मनात सहज बसत नाही. अमेरिकी मालिकेच्या मोठ्या संचाबाबत मात्र ते बहुतांशी खरे आहे. नामांकित मालिकेचा नवा कोरा, सीलबंद संच सगळीकडे ज्या किमतीला मिळतो तिच्या तिसऱ्या हिश्शाला एखादाच विक्रेता देत असेल, त्याच्याकडे त्याच संचाचे शेकडो नग असतील, आणि चित्रे प्रत्यक्ष वस्तूची नसून कंपनीच्या जाहिरातीची असतील, तर मोह आवरावा. विकणारा एखादा वापरलेला संच, स्वतः काढलेल्या छायाचित्रांसह, आतल्या तबकड्या दाखवून विकत असेल तर तो स्वस्त असूनही अधिक विश्वासार्ह असतो. विचारल्यावर तबकडीच्या आतल्या वर्तुळाचे छायाचित्र पाठवण्याची तयारी ही विक्रेत्याची उत्तम परीक्षा आहे. पैसे बाजारपेठेच्या बाहेर, थेट पाठवायला सांगणाऱ्याशी व्यवहारच करू नये, कारण मग बाजारपेठेने दिलेले कोणतेही संरक्षण उरत नाही.

वेष्टणाचा पुरावा सर्वांत दुबळा आहे, तरी तो डावलू नये. नकलेचे चित्र मूळ वेष्टणाचे स्कॅन करून छापलेले असल्यामुळे बारीक अक्षरे फुटलेली, रंग किंचित फिके किंवा भडक, कंपनीचे बोधचिन्ह धूसर असे दिसते आणि पुठ्ठा हाताला पातळ लागतो. बारकोडवर मात्र भिस्त ठेवू नये. तो वाचता आला आणि बरोबर नाव दाखवले, तरी त्यावरून एवढेच सिद्ध होते की नक्कल करणाऱ्याने तो नीट उतरवला आहे.

प्रामाणिक विक्रेत्याकडून घेऊनही नकली संच हाती येऊ शकतो, हे फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक असते. मोठ्या बाजारपेठांच्या गोदामांत एकाच बारकोडचा माल निरनिराळ्या विक्रेत्यांकडून येऊन एकत्र ठेवण्याची पद्धत बराच काळ चालत आली. ॲमेझॉनच्या गोदामांतील अशी सरमिसळ तर कुप्रसिद्ध होती. एका विक्रेत्याने नकली संच आणून टाकले की दुसऱ्याच्या नावावर ते बाहेर पडत, आणि दोष कोणाचा हे ठरवणे अवघड होई. अमेरिकेत २७ जून २०२३पासून लागू झालेल्या ‘इन्फॉर्म कन्झ्युमर्स’ कायद्याने वर्षाला २०० किंवा अधिक व्यवहार आणि ५,००० डॉलर किंवा अधिक विक्री करणाऱ्या विक्रेत्यांची ओळख पडताळून पाहण्याचे बंधन बाजारपेठांवर घातले आहे, आणि वार्षिक २०,००० डॉलर किंवा अधिक विक्री करणाऱ्यांची नावे व संपर्क गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजेत अशी तरतूद केली आहे. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार व्हिडिओच्या वेष्टणावर आणि चित्रणातही निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता, तसेच जिथे प्रमाणपत्र लागते तिथे त्याची प्रत असणे सक्तीचे आहे. महाराष्ट्राने तर २००९मध्ये एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्ये करणाऱ्यांना आळा घालणाऱ्या, कायद्यात व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांचा समावेश करून त्यांच्यावर स्थानबद्धतेची कारवाई शक्य केली. कायदे आहेत, पण परदेशातून टपालाने आलेल्या एका पाकिटामागे ते धावत नाहीत, आणि म्हणून गिऱ्हाइकाची स्वतःची नजर हाच पहिला पहारा राहतो.

नकली संचाने केवळ मोठ्या कंपन्यांचे नुकसान होते, त्याची खंत कशाला, असा एक समज आहे आणि तो दूर व्हायला हवा. अमेरिकेत पटकथालेखक, दिग्दर्शक आणि अभिनेते यांना त्यांच्या कामाच्या प्रत्येक पुनर्वापरावर ‘रेसिड्युअल’ नावाचा वाटा करारानुसार मिळतो. तबकड्यांच्या विक्रीतला लेखकाचा वाटा दर डीव्हीडीमागे जेमतेम चार सेंट भरतो असे सांगितले जात असे, आणि तो वाढवून मिळावा ही नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळातील लेखकांच्या संपाआधीची एक प्रमुख मागणी होती. ती मागणी मान्य झाली नाही. ज्यांनी चार सेंटांसाठी लढा दिला त्यांच्या हाती बनावट संचातून ते चार सेंटही पडत नाहीत.

संच हाती आल्यावर होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे तो न उघडता कपाटात ठेवणे. मोठा संच सावकाश पाहिला जातो. पहिले पर्व संपायला दोन महिने लागतात आणि पाचव्या पर्वातील बिघाड लक्षात येईपर्यंत तक्रारीची मुदत निघून जाते. ईबेवर ही मुदत वस्तू पोहोचण्याच्या अपेक्षित तारखेनंतर ३० दिवसांची आहे, तर भारतातील खरेदीबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मात्र तबकडी अडकली म्हणून ती लगेच नकली ठरवू नये. वॉर्नरच्या २००६ ते २००८ या काळातील काही अस्सल डीव्हीडी निर्मितीतील दोषामुळे कालांतराने निकामी झाल्या आणि कंपनीने २०२५मध्ये ते मान्य करून त्या बदलून देण्याची तयारी दर्शवली. अशा वेळीही अस्सलपणाचा पुरावा आतल्या वर्तुळातच सापडतो. म्हणून पेटी घरी येईल त्याच दिवशी तिच्यातली प्रत्येक तबकडी बाहेर काढावी, दिव्याखाली तिरपी धरून आतल्या वर्तुळात आयएफपीआय ही चार अक्षरे शोधावीत, आणि ती न सापडल्यास छायाचित्र काढून त्याच दिवशी तक्रार करावी.